बाहेर राहिलेली खोली

तत्त्वज्ञानात एम.ए. करून मी रबराच्या धंद्यात आलो. नालवाडीत माझं दुकान आहे. बसच्या काचा बसवायच्या, दारं-खिडक्यांची रबरं बदलायची आणि गाडीत पाणी कुठून गळतंय ते शोधून काढायचं. या शेवटच्या कामात पदवीचा थोडा उपयोग होतो. पाणी जिथे दिसतं तिथून ते आलेलं नसतं, एवढं लक्षात ठेवलं की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं गाडीच्या मालकाला ते पटवण्यात जातं.

रोहण्याहून फोन आला तेव्हा दसरा होऊन गेला होता आणि पाऊस थांबून वीसेक दिवस झाले होते.

"मिस्त्री, रथात पानी येऊन राह्यलं."

"कसली गाडी आहे?" मी विचारलं.

"गाडी नाई. रथ. दादाचा लोकसेवा रथ."

"पाऊस पडतोय का तिकडे?"

"नाई."

"मग टाकी फुटली असेल."

"टाकी वर्षभरापासून कोरडी हाय."

"मग पाणी येतंय कुठून?"

"थेच तं," पलीकडचा माणूस म्हणाला, आणि त्याचा सभेतला आवाज एकदम घरगुती झाला.

दादा म्हणजे त्या भागातले एक पुढारी. फोन करणारा त्यांचा धाकटा भाऊ. दादांनी एकदा कुठल्याशा शूटिंगच्या जागी नटांची गाडी पाहिली आणि तशीच आपल्याला पाहिजे म्हणून परराज्यातल्या कारखान्यातून बांधून आणली. बसएवढी गाडी. आत सोफा, मोरी, दोन एसी आणि छताला आरसे. सगळ्यात मोठी करामत झोपायच्या खोलीची. बटण दाबलं की गाडीच्या कुशीतून आख्खी खोली तीन फूट बाहेर सरकायची, ड्रॉवर ओढावा तशी. पुन्हा बटण दाबलं की आत. आत गेली की ती खोली राहायचीच नाही. पलंग उभा होऊन भिंतीला लागायचा आणि गाडीत चालायला जेमतेम बोळ उरायचा.

निवडणुकीत दादा पडले. त्यानंतर ते घरात राहायला गेलेच नाहीत. अंगणात कडुनिंबाखाली रथ उभा केला आणि त्यातच राहिले. कुणाचा फोन आला की सांगायचे, "दौऱ्यावर आहे." रथाला चाकं होती, त्यामुळे ते अगदीच खोटं म्हणता येत नव्हतं. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्या बाहेर काढलेल्या खोलीतच ते गेले. तेव्हापासून खोली तशीच बाहेर होती. दोन पावसाळे.

हे सगळं मला नंतर कळलं. पुलगावमार्गे निघालो तेव्हा मी फक्त एका गळक्या गाडीकडे चाललो होतो.

अंगणात शिरलो आणि आधी दादाच भेटले. रथाच्या अंगावर त्यांचा माणसाहून मोठा फोटो चिकटवलेला होता, दोन्ही हात जोडलेले. पण फोटो चिकटवणाऱ्याच्या लक्षात एक गोष्ट आली नव्हती. अर्धा फोटो गाडीवर आला होता आणि अर्धा सरकणाऱ्या खोलीवर. खोली बाहेर असली की एक डोळा, अर्धी मिशी आणि एक हात तीन फूट पुढे यायचा, दुसरा डोळा आणि दुसरा हात मागे राहायचा. पुढाऱ्याने जनतेच्या जवळ यायचं ठरवावं आणि निम्म्यानेच यावं, असं काहीसं. मी हसलो. मग बाजूला सरकलो, तर दोन्ही डोळे वेगवेगळ्या अंतरावरून माझ्याकडे पाहत राहिले. हसू आपोआप थांबलं.

कंपाउंडच्या भिंतीवर एक बाई गादी वाळत घालत होत्या. साठीच्या आतबाहेरच्या, काटक. दादांच्या पत्नी.

"मिस्त्री का तुम्ही?"

"हो."

"बॅग बरीच लहान हाय तुमची. भाऊजींनी आनला होता थो तं ट्रंक घेऊन आल्ता. आन् काम पाहा त्याचं."

काम मी पाहिलं. आधीच्या माणसाने खोलीच्या चारही कडांना सिलिकॉन फासलं होतं, त्यावर डांबरी टेप आणि टेपवर पुन्हा सिलिकॉन. सरकणारी खोली त्याने गाडीला जन्माची चिकटवून टाकली होती. पाणी मात्र थांबलं नव्हतं, कारण आता ते कडांवरून येतच नव्हतं. खोलीच्या टपावर निंबाचा पाला कुजून चिखल झाला होता. वरच्या कडेचं रबर टपावरून पाणी निपटून काढतं, काचेवरच्या वायपरसारखं. दीड वर्ष एकाच जागी दाबून राहिल्यामुळे ते पोळीसारखं चपटं झालं होतं. त्यात गाडी घराच्या बाजूला कललेली. दोन पावसाळ्यांचं पाणी टपाच्या पत्र्याखाली, फोममध्ये साठलं होतं. छत म्हणजे भिजलेला स्पंज होता आणि तो आता सावकाश पिळला जात होता.

हे मी बाईंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मंग दुपारीच काऊन येते पानी?"

"दुपारी पत्रा तापतो."

"चैतातबी तापे. तवा येई, आन् आता थंडी पडून राह्यली तरी येते. रोज तीन वाजता."

"साठलेलं पाणी भरपूर आहे."

"बसा मंग तीन वाजेपर्यंत. पाहून घ्या."

मी खोलीत बसलो. पलंगाची नुसती फळी, एका कोपऱ्यात चपला, खिडकीत चष्म्याचं घर. भिजलेल्या प्लायवूडचा आंबूस वास आणि त्याखाली केसांच्या तेलाचा. पायाखालची जमीन खाली कशालाही न टेकता हवेत तरंगते आहे, हे डोक्यात असल्यामुळे की काय, खोली मला जरा हलल्यासारखी वाटत होती. बाहेर निंब स्तब्ध होता. पावणेतीनच्या सुमारास पत्रा टकटक वाजू लागला. लोखंड तापलं की वाजतं. मग पलंगाच्या वरच्या कोपऱ्यात एक थेंब फुगला, बराच वेळ लोंबकळला आणि पडला. नंतर दुसरा. थेंब फळीवर पसरत गेले, आणि ओल जी उमटली ती लांबट होती. वर अरुंद, मध्ये रुंद, खाली पुन्हा अरुंद. प्लायवूड मध्ये खचलं की असाच आकार येतो. माणूस रोज जिथे झोपतो तिथे प्लायवूड खचतंच.

बाई दारात उभ्या होत्या. आत येत नव्हत्या.

"ताई," मी म्हणालो, "खोली निम्मी आत घ्यावी लागेल. त्याशिवाय वरचं रबर निघत नाही."

"आत नाई घ्याची."

"मग रबर बदलता येणार नाही."

"तं नका बदलू."

तेवढ्यात दीर आले. पांढरेशुभ्र कपडे, हातात दोन फोन. रविवारी आर्वीला त्यांची रॅली होती आणि रथ निघाल्याशिवाय ती रॅली होणार नव्हती, असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं. दादांचा वारसा, लोकांचं प्रेम वगैरे तिसऱ्यांदा.

"वहिनी, समजून घ्या न. दादा असते तं त्यांनीच म्हटलं असतं, बंद कर आन् चाल."

"तुमच्या दादांनी काय म्हटलं थे मले मालूम हाय, भाऊजी. तुम्हाले नाई."

"काय म्हटलं?"

"तुम्ही तवा फोनवर होते."

दीर दुसऱ्या फोनकडे वळले. बाई मला म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, जसं कुणाला पत्ता सांगताना खूण सांगावी:

"जेवन झालं. मी ताट उचललं. म्हटलं खोली आत घेऊ का, ऊन येते. तं म्हने, बंद करू नको, माहा जीव घाबरते. पडतो जरा. मी ताट धुवून आली." त्यांनी पदराला हात पुसले. "आता तुम्ही म्हनता बंद करा. करा. पन आत कोनी असलं तं?"

पत्रा वाजत होता. माझ्याकडे याचं उत्तर होतं. तत्त्वज्ञानाच्या दोन वर्षांत अशा प्रश्नांची बरीच उत्तरं पाठ केली होती. त्यातलं एकही त्या खोलीत बोलावंसं वाटलं नाही.

मी कामाचं बोललो. खोली आत घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा, म्हटलं, पण निदान पाणी जमिनीवरून कुठल्या कोपऱ्यात जातं ते मला बघू द्या. खालचा एक कोपरा मला संशयास्पद वाटत होता. तिथलं रबर सुटून भोक पडलं होतं. मी वहीत लिहिलं: 'खालचा डावा कोपरा. पेन्सिल जाते, करंगळी जात नाही.' अशा वेळी मी जमिनीवर पांढरी पावडर भुरभुरतो, पंक्चरवाले ट्यूबवर मारतात ती. रात्रभर राहू दिली की पाण्याची वाट तिच्यावर बरोबर उमटते. बॅगेत पाहिलं तर डबा दुकानातच राहिला होता.

"ताई, थोडं पीठ मिळेल का? तांदळाचं असलं तर बरं. चाळून द्या."

त्या घरात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा एका हातात ताटात चाळलेलं पीठ होतं आणि दुसऱ्या हातात बांबूचं टोपलं.

"झाकाचं नाई का?" त्यांनी विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला तो फार उशिरा.

आमच्याकडे माणूस गेला की जिथे गेला तिथे दिवा लावतात. शेजारी पीठ चाळून पसरतात आणि त्यावर टोपलं झाकतात. दुसऱ्या दिवशी पिठावर काय उमटलं ते बघतात. पाखराचं पाऊल, सापाची रेघ, माणसाचा पंजा. त्यावरून जीव कुठे गेला ते ठरतं. माझ्या वडिलांच्या वेळी पिठावर एक वळणदार रेघ उमटली होती. ती मुंग्यांची आहे, हे मी चारचौघांत सिद्ध करून दाखवलं. आत्या त्यानंतर माझ्याशी मरेपर्यंत बोलली नाही. एवढं होऊनही एका मेलेल्या माणसाच्या खोलीत उभं राहून त्याच्या बायकोकडे चाळलेलं पीठ मागणारा शहाणा मीच.

"ताई, मी पाण्यासाठी—"

"मले मालूम हाय कायच्यासाठी," त्या म्हणाल्या. "तवा टोपलं घरात ठेवलं होतं, बैठकीत. मोठ्या फोटोपुढं. भाऊजी म्हने लोक येतीन, फोटो काढतीन, रथात जागा नाई. दुसऱ्या दिवशी सारा गाव पाहून गेला. पीठ जसंच्या तसं. काहीच नाई उमटलं." मग त्या हळूच म्हणाल्या, "कसं उमटन? थे बैठकीत होतेच कधी?"

मी पीठ पसरलं. टोपलं झाकलं नाही, कारण मला सगळी जमीन हवी होती. त्यांनी ते दाराशी ठेवलं. मग मी खिडकी लावली, दार ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. घरातलं कुणी उत्सुकतेने आत पाऊल टाकतं आणि सगळा माग बिघडतो, म्हणून मी नेहमीच किल्ली घेऊन जातो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता परत आलो. दीर आधीच तयार होते. मी कुलूप उघडलं. बाई माझ्या मागे उभ्या होत्या, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

पाण्याची वाट मला हवी तशी मिळाली होती. भिंतीच्या आतून उतरून, फळीखालून, पिठाचा चिखल करत ती खालच्या डाव्या कोपऱ्याकडे गेली होती. माझा अंदाज बरोबर होता. एरवी मला आनंद झाला असता.

पण पिठावर दुसरंही काही होतं. पलंगाच्या कडेपासून निघालेली तीन बोटांची बारीक पावलं. एकामागे एक, ओळीने, जरा थांबत गेल्यासारखी. कोरड्या पिठावर, पाण्याच्या वाटेपासून हातभर दूर. ती त्याच कोपऱ्यातल्या भोकापाशी गेली होती आणि तिथे संपली होती.

मी गुडघ्यांवर बसून पाहिलं. यायची पावलं नव्हती. सगळी जायचीच.

"पाऊल!" दीर मागून ओरडले. "वहिनी, दादांचं पाऊल! थांबा, कोनी हात लावू नका. मी पत्रकाराले फोन करतो. रविवारी रॅलीत—"

"तुमच्या दादाले नऊ नंबरचा जोडा लागे," बाई म्हणाल्या.

"अवो पन वहिनी—"

"फोन खिशात ठेवा. लाज वाटू द्या थोडी. जितेपनी त्यांचा तमाशा केला थे पुरे नाई झालं का?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. दीरांनी फोन खिशात ठेवला. दोन्ही.

बाई माझ्यादेखत पहिल्यांदाच खोलीत आल्या. पिठाच्या कडेने, पाय जपून टाकत. पलंगापासून कोपऱ्यापर्यंत पावलं त्यांनी डोळ्यांनी मोजल्यासारखी पाहिली. मग मला विचारलं, "चिमनी असन का, मिस्त्री?"

हा प्रश्न त्यांनी मला का विचारला, याचा मी अजून विचार करतो. मी हो म्हणावं असं त्यांना वाटत होतं, की नाही म्हणावं असं? खिडकी बंद होती. दार बंद होतं. आदल्या दिवशी एखादी चिमणी आत शिरून बसली असेल आणि मला दिसली नसेल, हे शक्य आहे. उंदराबद्दल म्हणतात की डोकं गेलं की अंग जातं. चिमणीचं मला माहीत नाही. माझ्या वहीत त्या भोकाची नोंद होती आणि ती मीच केली होती.

"पाखरू आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. चष्म्याचं घर उचललं, चपला उचलल्या, बाहेर आल्या.

"घ्या आता खोली आत."

आधीच्या माणसाचं सिलिकॉन कापायला मला दोन तास लागले. बाई पायरीवर बसून होत्या. सगळं सुटं झालं तेव्हा मी बटणाकडे गेलो, तर म्हणाल्या, "मी दाबतो."

मोटर आधी नुसती कण्हली. मग कुठेतरी काहीतरी सुटल्याचा आवाज झाला आणि खोली निघाली. इंचाइंचाने, करकरत. मी बाहेरून रूळ बघत होतो. तीन फूट पुढे आलेला तो अर्धा चेहरा मागे सरकू लागला. एक डोळा दुसऱ्या डोळ्याकडे जात होता. मी निम्म्यावर थांबवणार होतो, पण बाईंनी बटणावरचा अंगठा काढला नाही आणि मीही सांगितलं नाही. शेवटची चार बोटं राहिली तेव्हा दाबल्या रबरांतून हवा निघाली. लांब, दमलेल्या उसाशासारखी. दीर दोन पावलं मागे सरले. त्यांच्या पांढऱ्या पायजम्याला निंबाच्या पाल्याचा चिखल लागला, हे त्यांना बराच वेळ कळलं नाही.

दादांचे हात जुळले. जमीन फुगल्यामुळे एक बाजू थोडी खाली बसली होती, त्यामुळे ओठ जुळले नाहीत. ते अर्धे हसत होते, अर्धे नाही. बाई उतरून आल्या आणि समोर उभ्या राहिल्या. दीड वर्षात त्यांनी नवऱ्याला सलग पाहिलं नव्हतं.

"आता दिसतात बरोबर," त्या म्हणाल्या. "असेच हसत. निम्मे."

पुढचं काम साधं होतं. खोली निम्मी बाहेर काढली, वरचं आणि बाजूचं रबर फाडलं, जागा स्पिरिटने पुसली, पोकळ नळीसारखं नवं रबर बसवलं. भिजलेला फोम काढून टपाचा पत्रा उन्हात उघडा ठेवला. कललेल्या बाजूखाली जॅक देऊन गाडी अशी केली की पाणी बाहेरच्या अंगाला उतरेल. शनिवारी दोन तास पाइप लावून टपावर पाणी सोडलं. आत एक थेंब नाही. रविवारी रथ आर्वीला गेला. दादांच्या फोटोवर दीरांचा फोटो चिकटवलेला होता, तेही हात जोडून. या वेळी चिकटवणाऱ्याला मी आधीच सांगितलं होतं की सगळा फोटो एकाच बाजूला घे.

एक गोष्ट राहिली.

खोली जिथे बाहेर होती तिच्याखाली दीड वर्ष पाऊस पडला नव्हता. सगळं अंगण ओलसर, गवताळ, पण तेवढ्या लांबट चौकोनात पिठासारखी मऊ धूळ होती. त्या भोकातून जे काही बाहेर पडलं असेल ते त्या धुळीत पडलं असणार. चिमणी असली तर तिची पावलं तिथेही असतील. नसली तर नसतील. रूळ तपासायला मला खाली वाकायचंच होतं. इतक्या सोप्या कसोटीवर सुटणारा प्रश्न मला आयुष्यात दुसरा भेटलेला नाही.

बटण दाबण्याआधी मी टॉर्च घेऊन रथाच्या पलीकडे गेलो. वाकलो नाही. टॉर्च हातात घेऊन उभा राहिलो आणि रबराचं माप घेतल्याचं सोंग केलं.

खोली आत गेली, हात जुळले, आणि मी पुन्हा तिकडे वळलो तेव्हा बाई बादली घेऊन तिथेच होत्या. त्या धुळीवर सडा टाकत होत्या, अगदी काठापासून काठापर्यंत, एकही कोपरा न सोडता.

"पाह्यलं का तुम्ही खाली?" त्यांनी न वळता विचारलं.

"नाही."

"मी बी नाई," त्या म्हणाल्या, आणि उरलेलं पाणी मधोमध ओतलं.